तळघरातला तिसरा सेन्सर

रंगाच्या कारखान्याच्या गेटमधून खोडरबर आत शिरली तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. खोडरबर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वॉशिंग मशीन, पंप, लिफ्ट, ज्याच्या पोटात चिप आहे ते सगळं ती दुरुस्त करायची, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधला फापटपसारा खोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. भंगारातल्या बोर्डांवर बोटं भाजून घेत शिकली, आणि हे ती ताठ मानेने सांगायची.

आठवड्यापूर्वी तळघरात थिनरची वाफ कोंडली. दोन बायका डबे भरता भरता कोसळल्या. भिंतीवरच्या सायरनने हूं की चूं केलं नाही. यावर कंपनीने काय करावं? तळघरातला वाफ हुंगणारा सेन्सरच काढून टाकला! वरच्या दोन खोल्यांतले ठेवले. खोडरबरची थोरली बहीण तळघरातच डबे भरायची, आणि आज दोनच्या पाळीला तिला पुन्हा खाली उतरायचं होतं. बायकांनी जिना अडवला, तेव्हा कुठे मॅनेजरने बाहेरचं माणूस बोलवू दिलं.

"सायरनची चिपच लहान आहे हो बाई," मॅनेजर म्हणाला. "दोन किलोबाइट मेमरी. तिसरा सेन्सर लावला की अडकते. दोनवर झकास चालते. नवे बोर्ड येईपर्यंत..."

"येईपर्यंत खालच्यांनी श्वास घ्यायचा नाही, असंच ना?"

थोरलीचा नवरा तिथलाच फिटर. त्याने हळूच दटावलं, "अगं, जरा दमाने घे."

"दाजी, कोंडणार तुमच्या बायकोचा दम, आणि दमाने घेऊ मी?"

दाजींनी लॅपटॉप पुढे सरकवला. तिने प्रोग्राम उघडला, आणि पाच मिनिटांत तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

अशा चिपमध्ये एक कपाट असतं आणि एक टीचभर टेबल. प्रोग्राम कपाटात कायमचा राहतो. काम करायचं ते टेबलावर. ते टेबल म्हणजेच हे दोन किलोबाइट, दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट. छोट्या पडद्यावर फिरवायला कुणीतरी अकरा वाक्यं लिहिली होती: 'सुप्रभात', 'सुरक्षितता हीच आमची ओळख', असला मालमसाला. चिप सुरू झाली की अकराच्या अकरा वाक्यं टेबलावर येऊन फतकल मारायची. गेले सातशे चाळीस बाइट. वर प्रत्येक सेन्सरची शेवटची शंभर मापं, एकेका मापाला चार बाइट. तीन सेन्सरचे झाले बाराशे.

"शंभर मापं कशाला लागतात?"

"साहेबांच्या केबिनमध्ये आलेख दिसतो," दाजी पुटपुटले.

"म्हणजे उरले एकशेआठ. आणि धोक्याचा संदेश जुळवायला लागतात दीडशेच्या वर." ती मॅनेजरकडे वळली. "वाफ वाढली, की नेमकी तेव्हाच तुमची चिप बेशुद्ध. बायकांच्याही आधी! चिप लहान नाही साहेब, तुमची अक्कल टेबलभर पसरलीय."

"तोंड सांभाळून बोला."

"तोंडच तर सांभाळतेय. हात चालू आहेत, बघा."

आणि ते खरंच चालू होते. वाक्यं तिने कपाटातच ठेवली. पडद्याला हवं तेव्हा तिथूनच एकेक अक्षर वाचायचं. सेन्सरचं माप एक हजार तेवीसच्या पुढे कधी जात नाही, त्याला दोन बाइट पुरतात, आणि सरासरी काढायला आठ मापं रगड. बाराशेचे झाले अठ्ठेचाळीस. नवं माप आलं की ते वर केबिनमधल्या संगणकाकडे पाठवून मोकळं व्हायचं. त्याच्याकडे मेमरीचा समुद्र आहे, काढू दे त्याला आलेख.

दीड वाजता दाजींनी तिसरा सेन्सर तळघराच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीशी परत जोडला. खोडरबरने थिनरमध्ये बुडवलेली चिंधी त्याच्यापुढे धरली. सायरन असा किंचाळला की मॅनेजरच्या हातातला कागद खाली पडला.

तो कागद उचलून त्याने तिच्यापुढे धरला. 'चिपची क्षमता अपुरी असल्याने बिघाड झाला. आता दुरुस्ती केली.' खाली सहीची जागा.

"चिप तीच आहे," ती म्हणाली. "दोघी इस्पितळात पडल्यात, आणि दोष चिपच्या माथी?" तिने पहिलं वाक्य आडवं खोडलं, वर लिहिलं, 'प्रोग्राम चुकीचा होता. कंपनीने तो न तपासता तळघरातला सेन्सर काढला,' आणि मगच सही केली.

"झालं ना समाधान? आता पाळी सुरू करा," मॅनेजर दातओठ खात म्हणाला.

जिन्यावरच्या बायकांतली एकही हलली नाही. थोरली तेवढी पुढे आली. "तुझ्या हातून वाजला गं. आमच्या हातून वाजेल तेव्हा आम्ही उतरू. आणि रोज, प्रत्येक पाळीला, आधी वाजवून बघू."

"रोज? अहो, कामाची दहा-दहा मिनिटं वाया..."

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. थोरलीने चिंधी सेन्सरला भिडवली होती, आणि मॅनेजरचं तोंड हलायचं थांबेपर्यंत ती काही तिने मागे घेतली नाही.