पुऱ्या सेकंदाला आलेला निरोप

मंडईत माझा भाजीचा गाळा होता. भाजीवाल्याच्या घरी काय शिजतं हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो: जे विकलं गेलं नाही ते. बायकोने जन्मभर माना टाकलेली मेथी निवडली. तिला लिहिता येत नव्हतं, मलाही बेताचंच. म्हणून ती फोनमध्ये बोलून निरोप पाठवायची. निरोप कसले, हजेरीच घ्यायची.

ती गेली आणि पाठोपाठ माझा फोनही शेवटच्या घटका मोजायला लागला. सून कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. तिने सगळे निरोप काढून घेतले आणि असं केलं की बटण दाबलं की सासूबाई पहिल्यापासून ओळीने बोलणार. मी ऐकत बसलो. बोलणी सगळी आली, हसणं आलं नाही. एका निरोपात ती हसली होती, एकाच. मला तोच हवा होता.

सुनेला म्हटलं, तुझ्या यंत्राने नेमकं तेवढंच गिळलं. ती म्हणाली, यंत्र काही गिळत नाही. मी म्हटलं, मग तिलाच बोलावू का परत हसायला? ती सुट्टी असून कामाला बसली. मी चहा केला. त्यात साखर विसरलो तरी तिने तो तसाच पिऊन टाकला, तेव्हा कळलं प्रकरण गंभीर आहे.

दुपारी सापडलं. फोन प्रत्येक निरोपावर वेळ लिहितो: तास, मिनिट, सेकंद, मग टिंब देऊन सेकंदाचा उरलेला तुकडा. सेकंद अगदी पुरा असेल, तुकडा उरलाच नसेल, तर टिंबही देत नाही. सुनेने प्रोग्रॅमला सांगितलेलं, टिंब असणारच. ते दिसलं नाही, म्हणून त्याने निरोपच बाजूला टाकला.

"तुझी सासू ठोक्याला बोलली, हाच तिचा गुन्हा," मी म्हणालो.

"चूक माझी, बाबा. आता टिंब असो नसो, चालेल."

तिने बटण दाबलं.

"अहो, आज व्याही येतायत. ताजी मेथी घरी आणा, सुकलेली गिऱ्हाइकांना विका. त्यांनाही कळू दे मी काय खाते." आणि हसली.

"व्याही म्हणजे माझेच आईबाबा," सून म्हणाली. "मग काय खाल्लं त्यांनी?"

"ताजी. गिऱ्हाइकांनीही ताजीच. सुकलेली दुसऱ्या दिवशी आम्ही."

संध्याकाळी मंडईत गेलो आणि गिऱ्हाइकासारखी घासाघीस करून मेथीची ताठ मानेची जुडी आणली. निवडायला बसलो, निरोप लावला.