मी काउंटरवर सांगितलं नव्हतं

चूक माझी होती, आणि ती झाकायला मी खोटं बोललो. सुका जवळा भाजल्याचा वास आला की हॅमिल्टनमधली २०१४ सालची ती दुपार आठवते. एका फिलिपिनो कुटुंबाच्या छोट्या हॉटेलात आम्ही तिघं जेवायला गेलो होतो. टेबलावर केळीची पानं, त्यावर भात, मासे, भाज्या, आणि सगळे हाताने जेवत होते. “लेकीला कोळंबी चालत नाही, आधी सांगून ये,” बायको म्हणाली. मी काउंटरपर्यंत गेलो, पण उगाच नखरे दिसतील असं वाटून नुसतं पाणी घेऊन आलो. “सांगितलंस ना?” मी होकारार्थी मान हलवली. मग वांगं-भोपळ्याच्या भाजीचा घास मीच लेकीला भरवला. त्यात आंबवलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबीच होती, हे नंतर कळलं. “बाबा, माय थ्रोट फील्स फनी,” ती म्हणाली. बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बायकोने पर्समधलं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं. कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. तिच्यातून आलेल्या बाईंनी विचारलं, “इथे अ‍ॅलर्जीचं सांगितलं होतं?” बायकोसमोर मी “हो” म्हणालो. काउंटरवरच्या वयस्कर मालकीणबाई रडायला लागल्या, “मीच विसरले असेन.” लेक संध्याकाळपर्यंत सावरली, पण माझी भीती जाईना. आठवड्याने बायकोला खरं सांगितलं आणि तिला घेऊन तिथे गेलो. मालकीणबाईंना म्हणालो, “तुम्ही काही विसरला नव्हतात. मी सांगितलंच नव्हतं. मला माफ करा.”