नोटेवरची सही

आमच्या गोडादरा वस्तीतल्या भाजीवाल्याने उरलेले पैसे म्हणून दिलेली नोट मी उजेडात धरली. "नकली है क्या?" त्याने विचारलं. मी फक्त सही बघत होतो.

काही वर्षांपूर्वी सरकारशी न पटल्याने मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरने राजीनामा दिल्याचं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा आई घरी साड्यांना लेस लावत होती. तांदळाच्या डब्यातल्या नोटा माझ्यासमोर ठेवत ती म्हणाली, "सही करनाराच गया. आते या चालतीन का?"

तिच्या अडाणीपणाचं मला हसू आलं.

"हासू नको. नोटबंदीनी बातमी ऐकीसन तुना बाप बी असाच हासना व्हता."

मी तिच्याशेजारी बसलो आणि एकेक नोट उलटून सही बघू लागलो. अजूनही बघतो.