चौथ्या खेपेचा निकाल

मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात निकाल लावले. लावले म्हणजे निकालपत्रकं लिहिली, बेरजा तपासल्या, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी फाइल पुढे सरकवली आणि सही झाली की फळ्यावर कागद डकवला. पस्तीसला पास, चौतीसला नापास, आणि चौतीसवाल्याची आई खिडकीशी रडवेली येऊन उभी राहिली की एक गुण ग्रेसचा. इतकं सरळ काम. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाची बायको वैद्यकीय मंडळाच्या परीक्षेला पहिल्यांदा बसली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "निकालाचा कागद आला की माझ्या हातात दे, डॉक्टर. त्यात काय लिहिलंय ते मी सांगते."

कागद आला. त्यावर लिहिलं होतं, २०१.

"कितीपैकी?" मी विचारलं.

"तसं नसतं, ताई."

"मग कसं असतं?"

"ते सांगत नाहीत."

मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच सांगत नव्हते. किती प्रश्न बरोबर आले, किती चुकले, पेपर एकूण किती गुणांचा होता, कशाचा पत्ता नाही. प्रश्न किती अवघड होते ते बघून मंडळ आपल्या मनाने एक आकडा काढणार, तो २०९ किंवा वर असला तर तुम्ही पास. त्याखाली विषयवार आडव्या पट्ट्या. पट्टी डावीकडे सरकली तर त्या विषयात कच्चे, उजवीकडे सरकली तर पक्के. तिच्या बहुतेक पट्ट्या मधोमध लोळत पडल्या होत्या. मी चष्मा पुसला, कागद उलटासुलटा करून बघितला आणि मुकाट्याने परत दिला. तीस वर्षांचा अनुभव तिथेच पाण्यात गेला.

खरं तर डॉक्टर ती होतीच. शिकली तिकडे माहेरी, तिथल्या सरकारी दवाखान्यात चार वर्षं बाळंतपणं केली. लग्न होऊन इकडे आली, आणि इकडच्या मंडळाला तिकडची पदवी पुरेना. परीक्षा पास होईपर्यंत तिला हॉस्पिटलात 'वैद्यकीय सहायक' म्हणून काम करता येत होतं. म्हणजे रुग्णाला विचारायचं तिने, पोट दाबून बघायचं तिने, औषधाचा कागद लिहायचा तिने आणि सही दुसऱ्याची. मग तो कागद हातात धरून सहीवाला डॉक्टर शोधत वॉर्डभर फिरायचं. कधी तो ऑपरेशनला, कधी जेवायला. तिच्याहून अकरा वर्षांनी लहान होता तो. एकदा त्याने न वाचताच सही केली, तेव्हा ती त्याला म्हणाली, "एकदा वाचा तरी." तो हसून म्हणाला, "तुम्ही लिहिलंय ना, मग काय वाचायचं?" ही गोष्ट तिने घरी कौतुक म्हणून सांगितली होती. मला तेव्हा इतका राग आला की हातातली भाजी तशीच टाकून मी उठले.

अशी नऊ वर्षं. मंडळाचा नियम असा की जन्मात चार वेळाच बसता येतं. पहिल्या खेपेला २०१, दुसऱ्या खेपेला २०५, तिसऱ्या खेपेला २०७. तिसऱ्यानंतर तिने पुस्तकं सुतळीने बांधून कपाटावर टाकली आणि म्हणाली, "बास झालं." भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे, पण बायकोशी काय बोलावं हे त्याला कधी सुचलं नाही. बोलले मी. स्टुलावर चढून पुस्तकं खाली काढली, सुतळी कापली आणि म्हटलं, "दोन गुणांसाठी कुणी सोडतं का? पाण्यात उतरलीस, आता काठ दिसतोय तर हात मारायचे थांबवतेस?" उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं? अभ्यास तिला करायचा होता.

तिने केला. अकरा महिने, पहाटे पाच ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मग आंघोळ आणि वॉर्ड. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या, आरशाच्या कडेला चिठ्ठ्या. दूध काढायला गेलं की मूत्रपिंडाचे आजार वाचावे लागत. एकेचाळिसाव्या वर्षी पाठांतर होत नाही, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, होतं. पेन हातात घेऊनच ती डुलक्या काढायची आणि गालावर शाईचा ओरखडा घेऊन कामावर जायची.

परीक्षा आठ तासांची. खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मासुद्धा तपासून घेतात. संध्याकाळी घरी आली ती बूट काढायला दाराशी स्टुलावर बसली आणि अर्धा तास तशीच बसून राहिली. एक बूट पायात, एक हातात. "कसा गेला?" असं विचारायचं नाही, एवढं आम्ही तीन खेपांत शिकलो होतो.

मग वाट बघणं. निकाल सहा ते आठ आठवड्यांत, आणि लागला तर बुधवारीच. आमच्या घरात आठवड्याला एकच वार उरला. मंगळवारी कुणाला भूक नाही, बुधवारी कुणी धड बोलत नाही, गुरुवारी सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. ती मात्र कामावरून यायची, हात धुवायची आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची.

परीक्षेला बसलेल्यांचा फोनवर एक गट होता. तिने त्यात बघणं कधीच सोडलं होतं, पण भाऊ तिच्या नावाने त्यात बसून राहिला होता. तिथे हजारभर शहाणे दिवसभर एकच काम करायचे, मंडळाच्या मनात काय आहे ते ओळखायचं. त्यातलं सगळ्यात मोठं शास्त्र बटणाचं. मंडळाच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात गेलं की 'पुन्हा परीक्षेसाठी अर्ज करा' असं एक निळं बटण असतं. निकालाच्या आदल्या दिवशी, म्हणे, आतल्या आत निकाल चढवला जातो. जे पास झाले त्यांना पुन्हा अर्ज करायची गरज नाही, म्हणून त्यांचं बटण राखाडी होतं आणि दाबलं जात नाही. नापासांचं निळंच राहतं. मंडळाने असं कधी म्हटलेलं नाही. पण तिसऱ्या खेपेला आमचं बटण निळं राहिलं होतं आणि ती नापास झाली होती, त्यामुळे भावाची त्या बटणावर श्रद्धा बसली होती.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, भाऊ जिन्यातूनच ओरडत आला. "राखाडी! ताई, राखाडी झालं!" हात ग्रीसने माखलेले, फोनच्या काचेवर बोटांचे ठसे. त्याने दहा वेळा दाबून दाखवलं, मग मी दाबलं. काही होईना. तिला त्याने दोन्ही हातांनी उचललं, तिच्या कामाच्या पांढऱ्या कोटावर ग्रीस लागलं. पाच मिनिटांत जाऊन केक घेऊन आला. मी तर खाली जाऊन शेजारीणबाईला सांगून आले, "आता खोकला झाला तर लांब जाऊ नका, आमच्या घरीच या." बाई म्हणाली, "निकाल लागला?" मी म्हटलं, "लागल्यातच जमा!"

तिने केकचा एक घास खाल्ला आणि हसली. भाऊ अंघोळीला गेला, तेव्हा आम्ही दोघी बशा धूत होतो.

"काय गं डॉक्टर, तोंड का उतरलंय? दृष्ट लागली की काय स्वतःचीच?"

तिने नळ बंद केला. "ताई, माझी चौथी खेप होती."

"मग?"

"चारच वेळा बसता येतं. पास झाले काय, नापास झाले काय, मला आता पुन्हा अर्ज करताच येणार नाही. बटण बंद व्हायचंच होतं."

मला कळायला जरा वेळ लागला. हजार शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, कारण चौथ्या खेपेला बसलेले तिथे फारसे बोलत नसावेत. आणि ज्याने नऊ वर्षं तिचे फॉर्म भरले, त्या माझ्या भावाच्याही नाही.

"मग बोलली का नाहीस मघाशी?"

"तो किती खूश होता." ती बशी पुसत राहिली. "आणि दोन मिनिटं मलाही खरंच वाटलं."

मी भावाला सांगितलं नाही. त्याने त्या संध्याकाळी शीळ घालत तिचा कोट साबणाने घासला, डाग गेला नाही तरी घासत राहिला, आणि मी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंडळाचा ईमेल आला. तिची ड्यूटी दुपारी दोनची होती, भावाने सुट्टी घेतली होती. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. तिने कागद उघडला. २१२.

भावाने टेबलावर मूठ आपटली, पेले उडाले. "तीन वर! २०९ ला पास, २१२ म्हणजे तीन वर! सांगितलं होतं ना मी?" ती नुसती आकड्याकडे बघत होती. एक क्षण तिचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, आता ही रडणार, आणि रडू दे.

पण पहिल्या खेपेच्या फजितीनंतर मी एक शिकले होते, मंडळाचा कागद शेवटपर्यंत वाचायचा. पहिलं पान आकड्याचं, दुसरं पट्ट्यांचं. तिसऱ्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं: या सत्रापासून उत्तीर्णतेची पातळी २१४.

मी ते वाचलं आणि मला वाटलं, आपल्याला वाचताच येत नसतं तर बरं झालं असतं. दोघं माझ्याकडे बघत होते. मी बोट ठेवलं.

भावाने मंडळाला फोन लावला. वीस मिनिटं वाजंत्री वाजली, मग एक बाई आली. फेरतपासणीचा अर्ज करता येईल, तीन महिने लागतील, आजवर फेरतपासणीत एकही निकाल बदललेला नाही. "मग फेरतपासणी ठेवलीत कशाला?" भाऊ ओरडला. "मागच्या वर्षी २१२ ला पास होते ना लोक? तिला यंदा काय कमी येतं?" बाईने त्याच्या संयमाबद्दल आभार मानले. त्याच्या बायकोने उठून त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"पुरे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीला मीठ पुरे म्हणतात तसा. "मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण खरं सांगू? आता मला कुणी परत बसवणार नाही."

हे म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती. बसवलं होतं मीच. तिची माफी मागावी असं मनापासून वाटलं, शब्द ओठांपर्यंत आले, आणि तोंडातून निघालं, "चहा टाकू?"

"नको, ताई. जरा पडते."

भाऊ गच्चीवर जाऊन बसला. एक वाजला तेव्हा मी तिच्या खोलीचं दार हळूच लोटून बघितलं. ती झोपली होती. भिंतीकडे तोंड नव्हतं. उताणी, हात दोन्हीकडे टाकलेले, तोंड किंचित उघडं. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. उठवायचा धीर झाला नाही. दार ओढून घेतलं आणि हॉस्पिटलात फोन लावला.

"डॉक्टर आज येणार नाहीत," मी म्हटलं.

"कुठल्या डॉक्टर?"

मी नाव सांगितलं. पलीकडची मुलगी बराच वेळ शोधत होती. "या नावाच्या डॉक्टर आमच्याकडे नाहीत."

"नाहीत काय? नऊ वर्षं आहेत तिथे! नीट बघा." मी नाव परत सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

"हां, हां, सापडल्या. अहो, त्या सहायक आहेत. तुम्ही डॉक्टर म्हणालात म्हणून मी दुसरीच यादी बघत होते."

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलीला दोन शब्द सुनवायला मला जड नव्हतं. मी बंद दाराकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "सहायक." आणि ते हळू म्हटलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.