तेविसावा हात

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर मुंग्या फिरल्यासारखं आहे, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागितलेली बरी.

जालन्यात एका बियाणे कंपनीच्या शेडात मी कपाशीचं बी निवडते. लांब पट्ट्यावरून बी सरकत येतं. दोन्ही बाजूंना आम्ही बायका पोती अंथरून बसतो आणि फुटकं, काळं बी बोटानं टिपून काढतो. माझ्या शेजारी मावशी बसायची. नात्याची नव्हे, सगळ्या शेडाचीच मावशी. मुलीच्या बाळंतपणाला तिनं कंपनीकडून उचल घेतली होती. ती पगारातून कटायची. आमच्यात उचल फिटेपर्यंत बाई काम सोडत नाही. मावशी म्हणायची, "यम आला तर सांगीन, उचल हाये माझ्यावर, जरा थांब बाबा." आम्ही हसायचो.

थंडीत ती घरी झोपेतच गेली. तिच्या पोत्यावर कुणी बसलं नाही. मग दुपारच्या सुट्टीत, पट्टा बंद असताना, तिथून बी टिपल्यासारखा आवाज यायला लागला. टिक. टिक. चार बायकांनी काम सोडलं. शेड बघणाऱ्या साहेबांना खरं कारण सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यांना वाटलं, बायकांचं मन लागत नाही. म्हणून त्यांनी संभाजीनगरहून भाषण देणारे सर बोलावले.

सर बोलायला गोड होते. म्हणाले, "तुम्ही कामगार नाही, या घरच्या लेकी आहात."

"लेकी तर सासरी जात्यात, सर," पट्ट्याच्या पलीकडे बसणारी भाभी म्हणाली. सर स्वतःही हसले.

शेवटी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "जिला हे घर सोडायचं नाही, तिनं हात वर करावा." साहेब समोर उभे होते, हात कोण खाली ठेवणार? सर पट्ट्याच्या कडेनं चालत मोजू लागले. माझ्यापाशी आले तेव्हा "अकरा" म्हणाले. मग एक पाऊल पुढे गेले आणि म्हणाले, "बारा."

माझ्या शेजारी तर रिकामं पोतं होतं. मला डोळे उघडवेनात.

"तेवीस! सगळ्याच राहणार!" सरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी हजेरी पाहिली. "सर, आज बावीसच आहेत."

"मी नीट मोजलेत. या ताईंच्या शेजारच्या आजींनी तर सगळ्यांत आधी हात वर केला." त्यांनी रिकाम्या पोत्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं.

सर चहा न घेता गेले. भाभी माझ्या कानाशी म्हणाली, "तिला जायचं हाये, पण उचल जाऊ देऊन न्हाई राह्यली."

मी साहेबांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसच्या दारात उभी राहिले.

"साहेब, मावशीची उचल..."

"ती माफ केली की. मेलेल्या माणसाकडून काय घ्यायचं?"

"माफ केलेली तिला चालणार न्हाई, साहेब. ती फेडणारी बाई होती."

साहेबांनी उचलीची वही काढून बाकी सांगितली.

आम्ही बावीस जणींनी तीन पगारांतून थोडे थोडे पैसे काढले. शेवटचे पैसे घेऊन मी दुपारच्या सुट्टीत गेले. पट्टा बंद होता. शेडातून टिक टिक येत होती, आणि या वेळी साहेबांनीही ऐकली. त्यांचं पेन हवेतच थांबलं. मी नोटा टेबलावर ठेवल्या. त्यांनी मोजल्या आणि मावशीच्या नावापुढे हळूहळू लिहिलं, उचल पूर्ण फिटली.

टिक टिक थांबली.