फटफटी घरात, काका थांब्यावर

दारात स्कूटर असून मी शाळेत शिकवायला एसटीनं जाते, याचं लोक कौतुक करतात. ते खरं आमच्या शेजारच्या काकांचं. लहानपणी माझ्या तिखट जिभेनं त्यांनाही सोडलं नव्हतं, याची लाज अजून वाटते.

शिवथरच्या खोऱ्यातल्या आमच्या बौद्धवाडीतून मी महाडला दहावीला जात होते. सकाळी एकच एसटी. काका महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एसटीत धक्के खात जायचा त्यांना भारी तिटकारा. त्यांनी फटफटी घेतली, हार घातला, नारळ फोडला. बघता बघता वाडीतल्या आणखी चौघा कामगारांनी घेतल्या. रोज सकाळी पाच फटफट्या धूर सोडत पुढं जायच्या आणि मागून रिकामी एसटी खडखडत यायची.

एक दिवस कंडक्टर म्हणाला, "अशीच रिकामी धावली तर फेरी बंद होईल." बाबा एवढंच म्हणाले, "मंग शाला पन बंद." चालत जाण्याइतकं महाड जवळ नव्हतं. मी दोन दिवस धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी काका डबा घेऊन थांब्यावर हजर! आठवड्याभरात ते चौघंही आले. फेरी वाचली. मला मात्र वाटलं, काकांना पेट्रोल परवडेना. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मैत्रिणीला म्हटलं, "हौसेला मोल नसतं, पण पेट्रोलला असतं हो!" काका हसले आणि सरकून मला जागा दिली.

दहावी पास झाले. पेढे घेऊन गेले तर काकी फटफटीवरचं गोणपाट झटकत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनीच त्या चौघांना समजावलान. पाच मानसांना पाच धूर कशाला, म्हनाले. एका गाडीत जाऊ, पोरीची शाला तरी र्‍हाईल."

मला तोंड वर करवेना.

शाळा सुरू झाली त्या सकाळी मी धावत थांब्यावर गेले. काका डबा घेऊन उभे होतेच. म्हटलं, "काका, चुकलं माझं. तुमचे उपकार कसे फेडू? झाली माझी दहावी. आता काढा ती फटफटी."

"तुजी झाली गो," काका म्हणाले. "हिची कुठं झाली हाय?"

त्यांच्या मागं माझी धाकटी बहीण नवं दप्तर घेऊन उभी होती.