ओवीचं बारसं

माझी लेक जन्मली ती गेलेलीच होती. आठवा महिना सरत आला होता. इथल्या, परदेशातल्या इस्पितळातल्या नर्सने फार हळुवारपणे विचारलं, "नाव काय लिहू?" आणि मी, पुण्यात शिकलेली शहाणी, बोलून गेले, "आमच्यात बाराव्या दिवसाआधी नाव ठेवत नाहीत." बारावा दिवस तिला कुठून येणार होता! पण जीभ सवयीने बोलली, आणि फॉर्मवर, मग दफनभूमीतल्या चिमुकल्या पाटीवरही, नुसतं आमचं आडनाव राहिलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "इतक्या लहान जिवाचं काही करायचं नसतं गं. दहावं नाही, तेरावं नाही. विसर आता." त्याही रडत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त राग आला. त्यांचा, शास्त्राचा आणि सगळ्यात जास्त देवाचा. रोज सकाळी बाळकृष्णाला अंघोळ घालणारी मी, मूर्तीला हात लावेनाशी झाले. दुसऱ्या कुणाचं बाळ न्हाऊ घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

समीर, माझा नवरा, या विषयावर चकार शब्द काढत नसे. ऑफिसातून यायचा, भांडी घासायचा, झोपायचा. दगड आहे नुसता, असं मी मनात म्हणत असे. पाच महिने असे गेल्यावर त्याने मला न विचारताच एका बेटावरच्या सहलीची दोन तिकिटं काढली. जुना ख्रिस्ती मठ, भोवतीचं गाव, गाइडबरोबर दोन तासांची पायी फेरी. भांडायचा कंटाळा आला होता म्हणून मी गेले.

गाइड म्हणजे सत्तरीच्या नोराबाई. हातात काठी, अंगात रेनकोट आणि तोंडाची टकळी अखंड चालू. धक्क्यापासून गावातल्या एकुलत्या रस्त्याने त्यांनी आम्हा दहाबारा जणांना छप्पर उडालेल्या मठापर्यंत नेलं. मी मागे रेंगाळत होते. भिंती बघायलाही मन ठिकाणावर लागतं. मठाच्या कुंपणाबाहेर, समुद्राकडच्या उतारावर नोराबाई थांबल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. गवतात वीतभर उंचीचे दगड होते, एकावरही अक्षर नव्हतं. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांची ही जागा, त्या म्हणाल्या. अशा बाळांना मठाच्या पवित्र जमिनीत जागा नसे, त्यांच्यासाठी प्रार्थना होत नसे. बाप एकटाच लाकडी खोकं काखेत घेऊन यायचा आणि पुरून परत जायचा. "माझा थोरला भाऊ इथेच आहे. कुठल्या दगडाखाली, ते बाबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही."

मी ओल्या गवतात मटकन बसले. इतके कठोर फक्त आमचेच लोक, असं मला वाटत होतं. आणि इथे, जगाच्या या टोकाला, बिननावाच्या बाळांची अख्खी आळी होती. हुंदका आवरेना. नोराबाईंनी बाकीच्यांना चहाला पुढे पाठवलं आणि माझ्याजवळ टेकल्या.

"तुझंही?"

मी मान हलवली. "मुलगी."

"नाव काय तिचं?"

पुन्हा तेच बाराव्या दिवसाचं उत्तर ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून समीर म्हणाला, "ओवी."

मी वळून बघितलं. तो उभ्याउभ्या रडत होता. "पहिल्या स्कॅनपासून हेच म्हणायचो मी तिला, मनात. ताईला सांगून ठेवलं होतं, बारशाला तिनेच कानात सांगायचं म्हणून. तुला सरप्राइज होतं गं." ज्याला मी दगड म्हणत होते, तो पाच महिने ते नाव एकटाच पोटात घेऊन फिरत होता. त्याची क्षमा कोणत्या तोंडाने मागावी ते मला कळेना. मी त्याचा हात धरला.

नोराबाईंनी काठी बाजूला ठेवली. गुडघ्यांची कुरकुर होत असतानाही त्या वाकल्या, एका दगडावर तळवा टेकवला आणि अगदी जवळ तोंड नेऊन सावकाश म्हणाल्या, "ओवी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं इथल्या बाळांना. आता ती एकटी नाही. शी'ल बी ग्रँड, लव्ह. मजेत राहील ती, पोरी."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आपल्याकडे आत्याचा असतो. नोराबाईंना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांना कुणी पाठवलं, हा वाद मी घालत नाही. मी फक्त त्यांचे हात कपाळाला लावले, आणि त्यांनी ते लावू दिले.

दुःख हललेलं नाही. आजही शेजारच्या घरातून तान्ह्याचं रडणं आलं की हातातलं काम सुटतं. पण इतके दिवस मी देवाशी नुसती भांडत होते, कारण बिननावाच्या लेकरासाठी मागायचं काय, हेच सुचत नव्हतं. परतीच्या बोटीत समीरच्या खांद्यावर डोकं ठेवून मी पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. देवा, ओवी तुझ्याकडे आहे. तिला सांभाळ.